विषयांची निवड कोण करतो?

दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर दोन-चार दिवस पेढ्यांचे असतात व पुढचे दोन-तीन आठवडे चिंतेचे. मुलानें अथवा मुलीनें आतां कोणत्या शाखेकडे वळावें, गणित ठेवावें कीं सोडावें, जीवशास्त्र घ्यावें कीं त्याऐवजीं एखादा दोनशें गुणांचा व्यावसायिक विषय पत्करावा, हे प्रश्न त्या दिवसांत सुटतात, किंवा सुटले असें मानलें जातें. चंद्रपूर शहरांतील एखाद्या नोकरदाराच्या घरीं ह्या प्रश्नाचा खल महिनाभर चालतो. मामा नागपुराहून फोन करतात, शेजारचे प्राध्यापक सल्ला देतात, शिकवणीवर्गांचीं पत्रकें टेबलावर पडलेलीं असतात. एटापल्ली अथवा कोरची तालुक्यांतील एखाद्या टोल्यावर हाच प्रश्न एका वाक्यांत मिटतो: जवळच्या गांवीं जी शाखा आहे ती. पहिल्या घरीं निवड मूल करतें, निदान आईबाप तरी करतात. दुसऱ्या घरीं ती रस्ता, नदी, वसतिगृह आणि शिक्षकाची रिकामी जागा हीं परस्पर करून टाकतात.

ह्या दुसऱ्या घराविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन अरण्यप्रांतांत महाविद्यालयें निघालीं, विद्यापीठ निघालें, वैद्यकीय शाळाहि निघाल्या. परंतु ह्या दारांच्या किल्ल्या अकरावीच्या वर्गांत घडविल्या जातात व तो वर्गच आमच्या बहुसंख्य मुलांपासून दूर राहिला आहे. दार जवळ आलें म्हणून आनंद मानणारांनीं किल्ली कोणाच्या हातीं आहे हें एकवार पाहावें.

बाहेरून पाहणारास वाटतें कीं, अकरावीचे विषय ही दोन वर्षांची गोष्ट आहे. पुढें आवड बदलली तर विषय बदलतां येतील. वस्तुस्थिति तशी नाहीं. वैद्यकीय शिक्षणाच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेस, जिला सर्वत्र ‘नीट’ म्हणतात, बसावयाचें तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. अभियांत्रिकीच्या नेहमींच्या शाखांस राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेंतील गणिताचा गट द्यावा लागतो. औषधनिर्माणशास्त्रास भौतिक व रसायन हे दोन विषय अटळ, आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र ह्यांपैकीं एक. शेतकीच्या पदवीस गणिताचा गट चालतो व जीवशास्त्राचाहि चालतो, पण मुळांत विज्ञानाचा पाया हवा. परिचारिकेच्या पदवीस जीवशास्त्रासह विज्ञान लागतें. पदविकेस मात्र कोणत्याहि शाखेची बारावी चालते. कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम सर्व शाखांस खुला आहे. आणि ज्यांस वाटतें कीं गणिताचा संबंध केवळ यंत्रांशीं आहे, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, दिल्ली विद्यापीठांत अर्थशास्त्राची विशेष पदवी घ्यावयाची असेल तरी गणित लागतें. म्हणजे सोळाव्या वर्षीं एका अर्जावर केलेली खूण पुढच्या चाळीस वर्षांच्या वाटा मोकळ्या ठेवते किंवा बुजविते.

ह्या दोन जिल्ह्यांपुरतें बोलावयाचें तर सर्वांत बोलकें उदाहरण जंगलाचेंच आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाखालीं आहे. आलापल्लीच्या सागाची कीर्ति दूरवर आहे. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, तें महाराष्ट्रांतलें पहिलें. येथलें मूल चालावयास लागतें तेव्हांपासून मोह, तेंदू व बांबू ओळखूं लागतें. कोणत्या महिन्यांत कोणतें फळ पडतें व कोणत्या वाटेनें जनावर पाण्यावर येतें हें त्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. तेव्हां वनखात्याच्या नोकरीवर अगोदर हक्क कोणाचा, असें विचारलें तर कोणीहि म्हणेल कीं ह्या मुलांचा. आतां त्या खात्याची शिडी पाहावी. वनरक्षकाच्या भरतीच्या जाहिरातींतली अट अशी असते कीं, उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा व त्यानें विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र ह्यांपैकीं निदान एक विषय घेतलेला असावा. अनुसूचित जमातीच्या उमेदवारास येथें दहावी उत्तीर्णाची सवलत आहे. सवलत योग्यच आहे. तीविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु तिच्या छायेंत दोन गोष्टी दिसेनाशा होतात.

पहिली ही कीं, ह्या जंगलांत केवळ गोंड, माडिया व कोलाम राहत नाहींत. नदीकांठचे ढीवर, गांवोगांवचे बौद्ध, कुणबी, माळी, मुलचेऱ्याकडे वसविलेलीं विस्थापित बंगाली कुटुंबें, ह्या सर्वांचीं मुलें त्याच जंगलाच्या आश्रयानें वाढतात. त्यांस ही सवलत नाहीं. ज्या मुलानें बारावीला मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असे विषय घेतले व भूगोल अथवा अर्थशास्त्र त्यांत आलें नाहीं, त्याला वनरक्षकाचा अर्जहि करतां येत नाहीं. भूगोल न घेण्यांत त्याचा कांहीं हेतु नव्हता. भूगोल घेतला असतां तर काय झालें असतें हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें, इतकेंच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सवलत शिडीच्या पहिल्या पायरीला आहे, वरच्या पायऱ्यांना नाहीं. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस बसावयाचें तर पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक ह्यांपैकीं एक विषय असावा लागतो, किंवा पदवी शेतकीची, वनशास्त्राची अथवा अभियांत्रिकीची असावी लागते. राज्याच्या वनसेवेच्या अटीहि त्याच वळणाच्या आहेत. म्हणजे जंगलांत वाढलेलें मूल हातांत काठी घेऊन पहारा करण्यास पात्र ठरतें. त्या जंगलाचा आराखडा करणारा अधिकारी मात्र दूरच्या शहरांतून येतो, कारण तेथील शाळेंत अकरावीला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. चंद्रपूरच्या वन अकादमींत वनक्षेत्रपालांस शिक्षण दिलें जातें. तिच्या भिंतीबाहेर पन्नास-शंभर कोसांत जीं मुलें वाढतात त्यांपैकीं किती जणांनीं त्या भिंतीच्या आंत जाण्यास लागणारे विषय घेतले आहेत, हा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीं स्वतःस विचारावा.

कोणी म्हणेल कीं, मुलांस विज्ञान नकोच असतें; त्यांस गणिताची भीति वाटते. भीति वाटते हें खरें. परंतु ही भीति जन्मतः येत नाहीं. ती पायरी-पायरीनें तयार होते. भामरागडकडचें मूल घरीं माडिया बोलतें. सिरोंच्याच्या घरांत तेलुगू चालते, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडे बंगाली. पहिलीच्या वर्गांत ह्या मुलांसमोर मराठी पुस्तक येतें. मराठी अंगवळणी पडते न पडते तोंच भागाकार व अपूर्णांक येतात. ज्या वर्षीं अपूर्णांक समजावयाचे त्या वर्षीं गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असली, किंवा एकाच शिक्षकाकडे तीन-चार वर्ग असले, तर ती उणीव दहावीपर्यंत मुलाच्या पाठीं लागते. एवढें करून तें मूल चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालें, तर अकरावीच्या विज्ञानाचीं पुस्तकें त्याच्यापुढें इंग्रजींत येऊन उभीं राहतात. कालपर्यंत ज्याला ‘त्वरण’ व ‘संयुजा’ म्हणत होतों त्याचें आज नांवच बदललेलें असतें. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, विज्ञानाची तिसरी. शहरांतील मुलानें ह्यांपैकीं एकच उंबरठा ओलांडलेला असतो आणि तोहि शिकवणीच्या आधारानें. तीन उंबरठे आधाराशिवाय ओलांडून येणाऱ्या मुलास ‘गणिताला भितें’ म्हणून नांवें ठेवणें हा न्याय नव्हे.

कांहीं वर्षांपूर्वी दहावीला ‘सामान्य गणित’ नांवाचा सोपा पर्याय होता. पुढें तो बंद झाला. त्या पर्यायाचा अनुभव विसरण्याजोगा नाहीं. दुर्बळ मुलांस नापासीपासून वाचविण्याच्या चांगल्या हेतूनें तो निघाला, परंतु ज्यानें तो घेतला त्याच्यापुढें विज्ञानाच्या व तंत्रशिक्षणाच्या वाटा अरुंद झाल्या. सोपें तें दिलें म्हणजे कल्याण केलें, ही समजूत शिक्षणाच्या क्षेत्रांत किती फसवी ठरते ह्याचें तें उदाहरण होय. दुर्बळास सोपा विषय देण्यापेक्षां कठीण विषयाचा चांगला शिक्षक देणें हेंच खरें साहाय्य.

अंतराचें तर बोलावयासच नको. गडचिरोलीहून भामरागड दीडशें किलोमीटरांहून अधिक लांब आहे. पर्लकोटेला पूर आला म्हणजे तेथील मार्ग तुटल्याच्या बातम्या वाचकांनीं वर्षानुवर्षें वाचल्या आहेत. अकरावीचे प्रवेश नेमके त्याच पावसाळ्यांत होतात. २०२५ पासून हे प्रवेश सर्व राज्यांत एकाच ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. पुण्या-मुंबईस ती सोय असेल. परंतु ज्या गांवीं मोबाइलला जाळें मिळण्यासाठीं टेकडीवर जावें लागतें, तेथला अर्ज तालुक्याच्या बाजारांतील संगणकाच्या दुकानांत भरला जातो. मूल बसच्या वेळेकडे पाहत असतें, मागें दहा जण उभे असतात आणि शाखेच्या रकान्यांत काय लिहावें हें शेवटीं तो दुकानदार विचारतो. त्या दोन मिनिटांत जें उत्तर दिलें जातें त्याला आपण ‘विद्यार्थ्याची निवड’ म्हणतों.

हें सर्व शंभर वर्षांपूर्वी असतें तर त्याचें आश्चर्य वाटलें नसतें. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हांपासून २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस निघेपर्यंत अठ्ठ्याऐंशीं वर्षें ह्या प्रांतानें पदवीसाठीं नागपूरकडे तोंड केलें. १९८२ सालीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९६ सालीं चंद्रपुरास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलें, २०१५ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलें, आणि आतां गडचिरोलीसहि वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. वरोऱ्याजवळ आनंदवनांत शेतकी महाविद्यालय आहे. सिंदेवाहीस धानाचें संशोधन चालतें. बल्लारपुरास कागद होतो, चंद्रपूरच्या परिसरांत कोळसा, वीज व सिमेंट, आणि एटापल्ली तालुक्यांत सूरजागडच्या डोंगरांतून लोहखनिज निघतें. ह्या प्रत्येक ठिकाणीं शिकलेल्या माणसांची गरज आहे. शिकलेला तो, ज्यानें योग्य वेळीं योग्य विषय घेतला. ज्यानें तो घेतला नाहीं त्याच्या वांट्यास त्याच कारखान्याच्या, त्याच खाणीच्या फाटकावरचा पहारा व मालमोटारीचें चाक येतें. पहारेकऱ्याचें काम हलकें नव्हे. परंतु डोंगर ज्यांचा, त्यांच्या मुलांपुढें तेवढेंच काम असावें, हें कोणत्याहि न्यायबुद्धीच्या माणसास मान्य होणार नाहीं.

येथें एका गैरसमजाचा निरास करणें अवश्य आहे. आम्ही कलाशाखेस कमी लेखतों असें कोणीं समजूं नये. ह्या प्रांतास वकील, भाषाशास्त्रज्ञ, इतिहासकार व अर्थशास्त्रज्ञ ह्यांची गरज वैद्यापेक्षां कमी नाहीं. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा ह्यांनीं ग्रामसभांच्या हातीं मोठे अधिकार दिले. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवाला २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला व देशभर त्याचें नांव झालें. आज अनेक ग्रामसभा तेंदूचा व बांबूचा व्यवहार स्वतः करतात. लिलावाच्या अटी वाचणें, जमाखर्च ठेवणें, जंगलाचा नकाशा करणें, किती बांबू तोडावा व किती राखावा ह्याचा हिशेब मांडणें, ह्या कामांस कायदा, वाणिज्य, भूगोल व संख्याशास्त्र लागतें. माडिया समाजांतले पहिले वकील म्हणून ओळखले जाणारे लालसू नोगोटी हे २०१७ सालीं गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून आले. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ सालीं निघाली तेव्हां, अक्षर म्हणजे काय हें ज्या टोल्यांस ठाऊक नव्हतें, त्या टोल्यांतून पुढें डॉक्टर, वकील व शिक्षक निघाले. मुलांच्या अंगीं शक्ति आहे कीं नाहीं, हा वाद तेथेंच संपला. उरला आहे तो सोयीचा व माहितीचा प्रश्न. कला ही शाखा जो आवडीनें घेतो त्यानें ती अवश्य घ्यावी. आमचा आक्षेप एवढाच कीं, दुसरें कांहीं मिळालें नाहीं म्हणून जी घेतली जाते ती निवड नव्हे.

दुसरा आक्षेप विचारी लोकांकडून येतो. ते म्हणतात कीं, शिक्षण हें ज्ञानासाठीं आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यांत विद्यापीठांच्या अटी भरणें म्हणजे शाळेस प्रवेशपरीक्षांचें दुकान बनविणें होय. ह्या म्हणण्याशीं आम्ही बऱ्याच अंशीं सहमत आहों. नागपूर-लातूरच्या शिकवणीवर्गांत दिवसाचे बारा-चौदा तास घालविणाऱ्या मुलांकडे पाहून आम्हांस आनंद होत नाहीं. परंतु विषयांची फिकीर करूं नये हा उपदेश श्रीमंतास परवडतो. त्याच्या मुलाची निवड चुकली तर बाप एक वर्षाचा खर्च सोसून तें चुकलेलें दुरुस्त करतो. गरिबाच्या घरीं तें वर्ष नसतें. म्हणून आम्ही मुलानें सोळाव्या वर्षीं आयुष्याचा धंदा ठरवावा असें म्हणत नाहीं. त्यास तो अठराव्या वर्षींहि ठरवितां यावा, एवढ्यासाठीं कांहीं दारें उघडीं ठेवावीं असें म्हणतों. विषयांचा विचार ज्ञानाच्या आड येत नाहीं. न केलेला विचार मात्र येतो.

तिसरें म्हणणें सरकारी वर्तुळांतलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें कला, वाणिज्य व विज्ञान ह्यांमधल्या भिंती पाडावयाचें ठरविलें आहे. मग आतां चिंता कसली? धोरण स्तुत्य आहे. इतिहासाबरोबर गणित व जीवशास्त्राबरोबर संगीत घेतां यावें हें कोणास आवडणार नाहीं? परंतु भिंत पाडण्यासाठीं दोन्ही बाजूंस खोल्या असाव्या लागतात. ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत एकच शाखा व तीन-चार विषयांचे शिक्षक, तेथें कागदावरच्या स्वातंत्र्याचें मुलानें काय करावें? शहरांत धोरण येईल तेव्हां मुलांस दहा विषयांतून निवडतां येईल. अरण्यांत तेंच धोरण शिक्षकांशिवाय आलें तर निवड पूर्वीइतकीच राहील आणि दोष मात्र मुलावर येईल, कारण आतां नियमाची आडकाठीहि उरलेली नसेल.

तेव्हां करावयाचें काय? प्रथम मुलांस व पालकांस चार शब्द सांगतों. ज्या मुलास विज्ञानाची आवड आहे पण पुढचें निश्चित नाहीं, त्यानें गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवावे. ओझें थोडें वाढेल, परंतु शेतकी, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, वैद्यक व परिचर्या ह्या पांचहि वाटा उघड्या राहतील. दोनशें गुणांच्या व्यावसायिक विषयानें गुण वाढतात हें खरें, पण तो घेतांना कोणता विषय हातचा जातो हें आधीं विचारावें. जीवशास्त्र सोडून पश्चात्ताप झालेल्यांनीं हेंहि जाणावें कीं, नोव्हेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें एक मोकळीक दिली आहे. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून घेऊन मान्य मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होणारास नीटला बसतां येतें. कलाशाखेस जाणारानें भूगोल, अर्थशास्त्र व गणित ह्यांपैकीं निदान एक विषय सोडूं नये. वनरक्षकाचा अर्ज त्यावर अवलंबून आहे, आणि ग्रामसभेचें कामहि त्यानेंच सुधारेल. अकरावीच्या विज्ञानाची धास्ती ज्यास वाटते पण हाताच्या कामाची आवड आहे, त्यानें दहावीनंतरच्या तंत्रनिकेतनाच्या पदविकेचा विचार करावा. तेथून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत थेट जातां येतें. ज्या मुलीनें कलाशाखेंतून बारावी केली तिनें परिचारिका होण्याची आशा सोडूं नये. पदविकेचा मार्ग तिला खुला आहे व पुढें त्यावरून पदवीहि गांठतां येते. चुकलेल्या वाटेवरून परत फिरण्याच्या पायवाटा आहेत. त्या कोणीं दाखविल्या नाहींत म्हणून मुलें वाट संपली असें समजून घरीं बसतात.

आतां सरकारास. गडचिरोलीचे बारा व चंद्रपूरचे पंधरा, मिळून सत्तावीस तालुके आहेत. ह्या प्रत्येक तालुक्यांत निदान एक कनिष्ठ महाविद्यालय असें असावें कीं, जेथें विज्ञानाची शाखा आहे, प्रयोगशाळा केवळ यादींत नसून तींत उपकरणें आहेत, भौतिक, रसायन, जीवशास्त्र व गणित ह्या चार विषयांचे चार शिक्षक आहेत, आणि मुलामुलींचीं वसतिगृहें त्याच आवारांत किंवा जवळ आहेत. नव्या इमारतींची घोषणा करण्यापूर्वी असलेल्या जागा भराव्या. आदिवासी विकास खात्याचे प्रकल्प गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर व चिमूर येथें आहेत. त्यांच्या ताब्यांतील आश्रमशाळांस सहावीपासून गणिताचा स्वतंत्र शिक्षक मिळाला, तर अकरावीचा अर्धा प्रश्न तेथेंच सुटेल. विज्ञानशाखा घेणाऱ्या मुलांसाठीं अकरावीच्या आरंभीं दोन महिने इंग्रजी परिभाषेचा वर्ग घ्यावा. मराठी शब्द व इंग्रजी शब्द समोरासमोर ठेवून शिकविल्यास जें कालपर्यंत समजत होतें तें आजहि समजतें.

विद्यापीठाकडून आमची अपेक्षा अधिक आहे, कारण तें ह्या दोन जिल्ह्यांसाठींच जन्मास आलें. दारांत उभें राहून ‘पात्रता नाहीं’ म्हणणें हें कोणत्याहि विद्यापीठास जमतें. पात्र कसें व्हावें हें सांगावयास गोंडवाना विद्यापीठानें टोल्यापर्यंत जावें. त्याच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनीं वर्षांतून एकदां आपापल्या तालुक्यांतील नववी-दहावीच्या वर्गांस भेट द्यावी. कलाशाखेच्या हुशार मुलांस गणित व संख्याशास्त्र ह्यांचा सेतु-अभ्यासक्रम पदवीच्या पहिल्या वर्षीं उपलब्ध करून द्यावा. चार वर्षांच्या नव्या पदवींत त्यास जागा आहे.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे व आमच्या मतें सर्वांत आधीं करण्यासारखी. कोणत्या विषयानें कोणता अभ्यासक्रम व कोणती नोकरी खुली होते, ह्याचें एक पानी पत्रक दोन्ही जिल्हा परिषदांनीं छापावें. मजकूर सरळ मराठींत असावा. गोंडी, माडिया, तेलुगू व बंगाली बोलणाऱ्या शिक्षकांनीं तो त्या त्या भाषेंत समजावून सांगावा. हें पत्रक निकालानंतर नव्हे, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेंत वाचलें जावें. म्हणजे परीक्षेपूर्वी व अर्जापूर्वी चार-पांच महिने घरांत त्याची चर्चा होईल. बाप शाळेंत गेलेला नसेल, पण तेंदूचा भाव ठरवितांना जो माणूस ठेकेदाराशीं दोन तास घासाघीस करतो, त्यास आपल्या मुलीच्या विषयांचा भाव कळत नाहीं असें आम्ही मानीत नाहीं. त्याच्यापुढें आजपर्यंत कोणीं तो मांडलाच नाहीं.

पुढच्या जून महिन्यांत पुन्हां निकाल लागलेले असतील व पुन्हां बाजाराच्या गांवीं त्या संगणकाच्या दुकानापुढें रांग लागेल. एखादी मुलगी आपला नंबर येईपर्यंत बापाशेजारीं उभी असेल. शाखेचा रकाना आला म्हणजे तिनें दुकानदाराच्या तोंडाकडे न पाहतां आपल्या तोंडानें उत्तर द्यावें. मग तें विज्ञान असो, कला असो वा तंत्रनिकेतन असो. आम्हांस त्याचें सुखदुःख नाहीं. उत्तर तिचें असावें व तें देतांना तिला सर्व वाटा ठाऊक असाव्या, एवढेंच आमचें मागणें. त्यासाठीं लागणारा वेळ हातीं आहे, पैसा फारसा लागत नाहीं, आणि जबाबदारी कोणाची हेंहि स्पष्ट आहे. आतां ती पार पाडली जाते कीं नाहीं हें पालकांनीं व ग्रामसभांनीं पाहावें, आणि पार पडली नाहीं तर येत्या ग्रामसभेंत उभें राहून विचारावें.